मिस्त्रीकाका, पाट्याचा बोल्ट निघाला

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

गाडीच्या पुढच्या पाट्याचा, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, जाम झालेला १४ मिमीचा बोल्ट निघाला. आभार फोनवरही मानता आले असते. पण चिखलपाण्यात गाडी घालणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी लागणार, म्हणून पत्र उघडंच लिहितो आहोत.

पहिले आभार तुमच्या एका प्रश्नाचे: "अडकलाय कुठे?" बोल्ट जाम झाला की हात आधी लांब पाइपाकडे जातो. पण गंज नटाच्या आट्यांत असू शकतो, नाहीतर बुशच्या (पाट्याच्या टोकाच्या भोकातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या लोखंडी नळीत, आणि दोन्हींवरचा इलाज अगदी वेगळा. नट निघाला, डोक्याला पाना लावला तर बोल्ट थोडा फिरतो, पण पाना सोडला की स्प्रिंगसारखा मागे येतो. असं झालं की समजायचं, बोल्ट आणि नळी गंजून एकजीव झाली आहेत. दोन्ही मिळून फिरतात, रबराला पीळ बसतो आणि तेच त्यांना परत खेचतं. इथे पाइप कितीही लांब केला तरी पीळ रबरालाच बसणार. ही खूण आधी माहीत असती तर पुष्कळांचे पुष्कळ पाने वाचले असते.

आट्यांच्या बाबतीत तुमचा आग्रह वायर ब्रशचा. नटाबाहेर आलेले आटे आधी लख्ख करायचे, कारण सुटणारा नट त्यांच्यावरूनच बाहेर येतो आणि तिथला गंज व वाळलेला चिखल त्याला वाटेतच पुन्हा पकडतो. मग गंज सोडवणारं तेल, रात्रभर, मधूनमधून दोन-तीनदा. तेल नुसतं ओतून आत जात नाही. डोक्यावर हातोडीचे सरळ, छोटे ठोके दिले की गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. गोटी (सॉकेट) सहा कोनांचीच घ्यायची. बारा कोनांची गोटी कोपऱ्यांवर चढते आणि गंजून बारीक झालेलं डोकं गोल करून ठेवते. पहिला झटका आवळायच्या दिशेने, अगदी थोडा. गंजाची पकड तुटल्याचा "कट्" आवाज आला की सोडायच्या दिशेने पाव फेरा, परत त्याच्या निम्मा मागे, तेल, पुन्हा पुढे. जड लागू लागला की मागे जायचं. जड असतानाच जोर लावत राहिलं तर गंजाची भुकटी आट्यांत दाबली जाते आणि बोल्ट मधूनच तुटतो. ८ मिमीचा असेल तर तुटायच्या आधी धड कळतही नाही.

तरीही नट हलला नाही तर आच. ती नटाला द्यायची, बोल्टला नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. पोलादाचा नट ३०० अंशांनी जास्त तापला तर १४ मिमीच्या भोकात साधारण ०.०५ मिमीचा फरक पडतो. दिसायला काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढा पुरतो. बोल्टही सोबत तापला तर तोही फुगतो आणि हा फरक जातो, म्हणून आच जोरात आणि थोडा वेळ. त्याआधी ब्रेकची रबरी नळी, डिझेलची लाइन आणि वायरिंग बाजूला, आग विझवायचं साधन हाताशी, आणि सांडलेलं तेल पुसून कोरडं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत अजिबात नाही. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनचे द्राव असतात आणि तापल्यावर त्यांचा विषारी वायू होतो. लाल केलेला बोल्ट आणि नट पुन्हा वापरायचा नाही, त्याची ताकद गेलेली असते.

नळीत अडकलेल्या बोल्टवर मात्र तुम्ही सरळ कापायला सांगितलंत, आणि तेच बरोबर. आच दिली तर रबर जळून धूर करतं, घण मारला तर ब्रॅकेटचे कान वाकतात. चासी स्टँडवर, ॲक्सलला वेगळा आधार, पाट्यावरचा ताण काढलेला. नाहीतर बोल्ट कापला जाताच पाटा उसळतो. मग बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीत आरीचं बाय-मेटल पातं घालून दोन्ही बाजूंनी काप. पातं सावकाश चालवायचं आणि तेल देत राहायचं, कारण १०.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त कडक पोलादाचा बोल्ट घाईत पात्याचे दात खातो. बुश जातो, पण तो असाही जाणारच असतो.

ईझी-आउटबद्दल (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून आत घालायच्या उलट आट्यांच्या हत्याराबद्दल) तुमचं मत कडक आहे आणि आम्हाला ते पटलं. जो बोल्ट सहा कोनांच्या गोटीने हलला नाही, तो त्याच्याहून बारीक, ठिसूळ तुकड्याने काय हलणार? तो आत तुटला की साधं ड्रिल त्याच्यावर घसरतं. त्यापेक्षा तुटलेल्या बोल्टवर नट ठेवून वेल्ड करणं बरं. धरायला डोकंही मिळतं आणि आचही नेमकी हवी तिथे बसते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढायच्या.

परत बसवताना नळीच्या आत आणि बोल्टच्या गुळगुळीत भागावर अँटी-सीझ (पुन्हा गंजून जाम होऊ नये म्हणूनचा लेप) लावलं, आट्यांवर नाही. आटे ओले असले की त्याच टॉर्कला (आवळायच्या पिळाला) बोल्टवर जास्त ताण येतो. नट नवा, नायलॉनवाला. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून तिच्या नेहमीच्या उंचीवर केलं. जॅकवर असताना आवळला असता तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसून ते लवकर फाटलं असतं. ही शेवटची गोष्ट तुम्ही फोन ठेवता ठेवता सांगितलीत, तिचे आभार वेगळे.

मागच्या पाट्याचे दोन बोल्ट अजून बाकी आहेत. त्यांना आजच तेल दिलं आहे.

आपले,
गाडीखालची मंडळी