माळाचं सपाटीकरण थांबवलंय

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी रागाची गोष्ट सांगून टाकते. माळ सपाट करायला येणाऱ्या जेसीबीवाल्याला मी नको म्हणून कळवलंय. इसाराचे पैसे त्याच्याकडंच राहू देत, ते मी भरून काढते. फोनवर सांगितलं असतं तर शब्दाला शब्द वाढला असता, म्हणून पत्र. चहा घेऊन झाला की वाचा.

तुमचं म्हणणं मला कळतं. माळ एका पातळीत आला की तिथंही ऊस लावता येईल, पाटानं पाणी देता येईल. पण वरच्या कडेपासून ओढ्यापर्यंत आपलं रान सात-बाऱ्यावर एक असलं तरी मातीच्या हिशेबात तीन आहे. माळ, घराजवळची मधली पट्टी आणि ओढ्याकाठची मळी. तिघांचा दगड एकच, काळा पाषाण. फरक केला तो उतारानं. पाऊस माळावर पडतो तेव्हा निम्मंशिम्मं पाणी मुरायच्या आत खाली धावतं आणि सगळ्यात बारीक चिकण कण सोबत नेतं. मागं जाडभरडं राहतं. मुरलेलं पाणी मुरमातून आतल्या आत खाली झिरपतं आणि चुना, क्षार विरघळवून नेतं. लोह तेवढं जागेवर राहतं, हवा खेळती असते, म्हणून माळ तांबूस. मळीत सगळं येऊन साठतं, म्हणून ती काळी, खोल, निम्म्यापर्यंत चिकणमातीची, आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जाईल अशी.

खात्री करायची असेल तर तिन्हीकडची मूठमूठ माती भिजवून मळा आणि अंगठ्यानं बोटावरून पुढं ढकलत पट्टी काढा. माळाची इंचभर व्हायच्या आत तुटेल, मळीची दोन इंचांच्या पुढं जाऊन लोंबेल. आई, माळावरच्या भुईमुगाच्या शेंगा उपटल्या की नुसत्या झटकून पदरात घालायचीस ना मला? मळीतल्या शेंगा धुतल्याशिवाय हातात घेता यायच्या नाहीत. तेच हे.

आता सपाटीकरण. माळावर माती जेमतेम फूटभर, खाली मुरूम. उंच बाजू खरवडून सखल बाजूला भर टाकली की निम्म्या रानात मुरूम वर येतो आणि उरलेल्या निम्म्यात चांगली माती मुरमाखाली गाडली जाते. रीतसर करायचं तर वरची सहा इंच माती आधी काढून कडेला रचायची, मग सपाट करायचं, मग तीच माती परत पसरायची. एका एकराची सहा इंच माती म्हणजे सहाशे घनमीटर, दोनशे ब्रासच्या वर. तासावर काम करणारा कुठलाही मशिनवाला हे करत नाही. तो कापतो, ढकलतो आणि निघून जातो.

समजा केलंच नीट. तरी फूटभर हलकी माती पिकाला देता येईल असं पाणी धरते साधारण 30 मिलिमीटर. एप्रिल-मे महिन्यांत भरातला ऊस रोज सात-आठ मिलिमीटर पितो. चार दिवसांत रान कोरडं. मळीतली तीन फूट काळी माती वीस दिवस सहज काढते. म्हणजे माळावर दर चौथ्या दिवशी पाणी सोडायचं आणि त्यातलं बरंचसं मुरमात घालवायचं. बरं, ते जातं कुठं? खालीच. उतार जिथं मोडतो, चिंचेच्या खालच्या अंगाला, तिथं गेली दोन वर्षं फेब्रुवारीतही पाय रुततो आणि कडेनं पांढरं फुटतं. तो उसाचा दोष नाही आणि खताचाही नाही. वरच्या रानांचं मुरलेलं पाणी तिथं काळ्या मातीला अडतं, वर येतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार ठेवून जातं. आपला कोल्हापूर जिल्हाच मुळी असा आहे. गगनबावडा-राधानगरीकडं पावसानं धुऊन निघालेली तांबडी, आंबट माती आणि शिरोळकडं खोल काळी, खारवट नि सोडियम साठून घट्ट, म्हणजे चोपण झालेली. जिल्ह्यात जे मैलांच्या अंतरात दिसतं ते आपल्याकडं हजार फुटांत चाललंय. माळावर ऊस केला तर मळी हातची जाईल, हे मला स्पष्ट दिसतंय. म्हणून परस्पर ठरवलं.

मळीत या हंगामात उसाची लागण करायची नाही. आधी चिंचेखालून उताराला आडवा चर पडेल, चार फूट खोल, मुरूम लागेपर्यंत. त्यात जाळी गुंडाळलेला सच्छिद्र पाइप, भोवती वाळू-खडी, ढाळ शंभर फुटांना तीन इंच. ढाळ मध्ये कुठं उलटा झाला तर तिथं गाळ बसून पाइप मरतो, म्हणून पाण्याच्या नळीनं पातळी बघूनच टाकायचा. तोंड ओढ्याच्या नेहमीच्या पातळीच्या वर हवं, उंदीर शिरू नये म्हणून त्याला जाळी आणि पुराच्या दिवसांत बूच. 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलं ते बाबा तुम्हाला नेमकं माहीत आहे, तेवढी खूण गड्याला दाखवून ठेवा. दुकानदार जिप्समच्या पिशव्या गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका. माती चोपण निघाली तरच जिप्सम, आणि चुनखडी जास्त निघाली तर त्याऐवजी गंधक. दोन्ही निचरा झाल्यावरच, कारण सुटलेले क्षार बाहेर जायला वाटच नसेल तर ते तिथंच फिरत राहतात. चर झाला की पावसाळ्यात हिरवळीच्या खताला ताग नाहीतर धैंचा पेरून फुलावर गाडायचा. पुढच्या वर्षी ऊस लावूच, फुले 265 जातीचा लावू, तो अशा रानात तग धरतो.

आणि माळाला पडीक टाकणार नाही, घाबरू नका. आज्जांच्या ताली, म्हणजे उताराला आडवे घातलेले बांध, जशा आहेत तशा राहतील. प्रत्येक तालीच्या वरच्या अंगाला इतक्या वर्षांची माती येऊन बसलीय, तिथं पहार घालून बघा, फुटाऐवजी अडीच फूट जाईल. आंबा-काजू तिथंच लावायचे. तालीच्या खालच्या अंगाला मुरूम उघडा आहे, तिथं लावलेलं झाड दहा वर्षं तेवढंच राहतं. खड्डे उन्हाळ्यात, मीटर बाय मीटर. कडक मुरमातला खड्डा पावसात घागरीसारखा भरून राहतो आणि रोप कुजतं, म्हणून खालच्या बाजूला एक चीर ठेवायची. तालींवर वाळा लावू, म्हणजे माती धरून राहील. मधल्या मोकळ्या पट्ट्यांत भुईमूग, नाचणी. नांगरट आडवीच, तास वरच्या बाजूला पलटत. उभी नांगरली की प्रत्येक वेळी थोडा माळ मळीत जातो.

खरं सांगू का बाबा, हे सगळं मातीचं खरंच आहे, पण तुमच्या गुडघ्यांचंही आहे. रात्रीच्या लाइटीला बॅटरी घेऊन माळ चढणं आता बंद. मधली पट्टी तुमची. माती दोन फूट, ना धुपते ना तुंबते, आणि घरातून हाक ऐकू येते. तिथला उसाचा खोडवा तसाच ठेवलाय, घरचा गूळ कुठं जात नाही. म्हशीला वैरण तिथल्या बांधांवरच होईल. मोटारीला मोबाइलवरचा स्टार्टर बसवायला सांगितलंय, खाटेवर बसून बटण दाबा. तुम्हाला रानातून काढतेय असं मनात आणू नका. तालीच्या कुठल्या अंगाला किती माती आहे हे तुमच्याशिवाय कोण दाखवणार?

आता कामं. मातीचे नमुने तीन, तीन पिशव्यांत. गेल्या वेळी सगळी एकत्र गेली आणि जो सामू, म्हणजे मातीच्या आंबट-खारेपणाचा आकडा, आला तो तिन्हीपैकी एकाही रानाचा नव्हता. प्रत्येक भागात नागमोडी फिरून दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा, मळीत नि पट्टीत फूटभर, माळावर मुरूम लागेपर्यंत. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळायचा. प्लास्टिकच्या बादलीत मिसळून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. पांढरं फुटलेल्या जागेची चौथी पिशवी वेगळी. हे गड्याकडून करून घ्यायचं, तुम्ही वाकायचं नाही. आई, तू लक्ष ठेव, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरू देऊ नकोस, सगळा अहवाल बिघडतो.

मी रविवारी येऊन पिशव्या कोल्हापूरला प्रयोगशाळेत घेऊन जाईन. आई, बाबांच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्यात ते शनिवारपर्यंत कळव.

तुमची,
मनू