कांद्याच्या भावाची लिस्ट आता अडखळत नाही, ताई, थँक्यू!

ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. आणि जरा सविस्तरच लिहितो, कारण नाशकात अँड्रॉइडवर काम करणारी पोरं काही कमी नाहीत आणि कंपोझची (अँड्रॉइडची स्क्रीन कोडने बनवायची लायब्ररी) स्क्रीन अडकायला लागली की सगळ्यांना पहिला सल्ला हाच मिळतो की दिसेल तिथे रिमेंबर (एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवणारं फंक्शन) टाका. तुम्ही तेवढं सोडून बाकी सगळं करायला लावलंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचं ॲप म्हणजे लासलगाव, पिंपळगाव, विंचूरचे कांद्याचे भाव. कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण, लाल आणि उन्हाळ वेगळे. कोड आधीच्या टीमकडून हातात आलेला, दिसायला एकदम स्वच्छ. एरवी स्क्रीन बरी चालायची पण लिलाव सुरू झाला आणि वरून नवीन भाव पडायला लागले की स्क्रोल अडखळायचा. नेमकं त्याच वेळी ट्रॅक्टर रांगेत लावून शेतकरी फोन बघत बसलेला असतो.

कॉलेज रोडला मिसळ खाताना मी तुम्हाला हे दाखवलं, तर तुमचा पहिला प्रश्न कोडबद्दल नव्हताच. "हे डीबग बिल्ड आहे का रिलीज? आणि फोन कुणाचा?" डीबग होतं (कोड तपासायला बनवलेली आवृत्ती, रिलीज म्हणजे लोकांना मिळते ती) आणि फोन माझा, चांगला महागातला. मग तुम्ही समजावलंत की कंपोझ ही अँड्रॉइड सिस्टीमचा भाग नाही, ॲपसोबत येणारी लायब्ररी आहे, त्यामुळे डीबगमध्ये ती मुळातच हळू चालते, आर-एटने (कोड लहान आणि वेगवान करणारं टूल) आवळलेलं रिलीज बिल्ड असल्याशिवाय वेळेबद्दल बोलायचंच नाही. दुसऱ्या दिवशी मी निफाडच्या मामांचा जुना फोन मागून आणला. ६० हर्ट्झची स्क्रीन, म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद, त्यात बसलं नाही तर फ्रेम गेली. रिलीजवर अर्धी रड गायब झाली आणि जी उरली ती खरी होती.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो तुमचा दुसरा प्रश्न, "वेळ कुठल्या फेजमध्ये जातोय?" कंपोझ एका फ्रेममध्ये तीन कामं करतं, आधी कंपोझिशन म्हणजे काय दाखवायचं, मग लेआउट म्हणजे कुठे दाखवायचं, आणि मग ड्रॉइंग. हे सगळ्यांनी डॉक्युमेंटेशनमध्ये वाचलेलं असतं, मीही वाचलेलं, पण बिघाड शोधताना हाच नकाशा आहे हे डोक्यात बसलं नव्हतं ना. तुम्ही प्रोफाइलेबल (मोजमाप करता येईल अशा) रिलीज बिल्डचा सिस्टीम ट्रेस (कुठल्या कामाला किती वेळ लागला याची नोंद) काढायला लावलात, कंपोझिशन ट्रेसिंगची डिपेंडन्सी टाकून, म्हणजे परफेटोमध्ये (ट्रेस बघायचं टूल) नुसतं 'रीकंपोझ' (पुन्हा कंपोझिशन) असा एक लांबलचक पट्टा न दिसता आत कुठलं फंक्शन किती वेळ खातंय ते नावानिशी दिसतं. आणि दिसलं की! प्रत्येक ओळीसाठी तारखेचा नवीन फॉरमॅटर बनत होता आणि पूर्ण यादीचं सॉर्टिंग कंपोझेबलच्या (स्क्रीनचा एक तुकडा बनवणारं फंक्शन) आतच चाललेलं. ते दोन्ही उचलून व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनसाठी डेटा तयार ठेवणारा वेगळा भाग) नेलं, रिमेंबर न टाकता.

पण खरी गंमत लेआउट इन्स्पेक्टरमध्ये होती. तिथे प्रत्येक कंपोझेबलसमोर किती वेळा पुन्हा चाललं आणि किती वेळा स्किप झालं याचे आकडे येतात. (त्याला डीबगेबल बिल्ड लागतं, म्हणून तुमचा नियम मी चिकटवूनच ठेवलाय की किती वेळा हे डीबगमध्ये मोजा, किती वेळ हे रिलीजमध्येच.) बोटाने नुसतं सरकवलं तरी अख्ख्या स्क्रीनचा आकडा मीटरसारखा पळत होता. कारण वरचं हेडर स्क्रोलसोबत लहान व्हायचं आणि त्यासाठी स्क्रोल किती झाला तो आकडा सगळ्यात वरच्या कंपोझेबलमध्ये वाचलेला. जिथे स्टेट (बदलणारी माहिती) वाचलं तिथून काम पुन्हा सुरू होतं, म्हणून तुम्ही ते वाचणं ग्राफिक्सलेयरच्या लॅम्डात (कंपोझिशननंतर चालणारा कोडचा तुकडा) ढकललंत. आता तो स्क्रोलचा आकडा बदलला की फक्त ड्रॉइंग होतं, कंपोझिशन आणि लेआउटला पत्ताच लागत नाही. चारच ओळींचा बदल, पण तो कुठे करायचा हे कळायला ते आकडे बघावे लागले. 'वर जा' वालं बटण पण तसंच, पहिली दिसणारी ओळ कितवी हे थेट वाचत होतं, तिथे डिराइव्हड स्टेट (काढलेलं उत्तर बदललं तरच कळवणारं) लावलं आणि विषय संपला.

मग उरला लिलावाचा खरा प्रश्न. नवीन भाव एकच आला तरी दिसणाऱ्या सगळ्या ओळी पुन्हा चालायच्या. मी म्हटलं अहो ताई, कॉटलिन २.०.२० पासून स्ट्राँग स्किपिंग (इनपुट तेच असेल तर कंपोझेबल पुन्हा न चालवणं) आपोआप चालू असतं, मग हे का? तुम्ही हसलात. अनस्टेबल (न कळवता आतून बदलू शकेल असं) पॅरामीटर असेल तर स्ट्राँग स्किपिंग फक्त तोच ऑब्जेक्ट आहे का एवढंच बघतं, आतला डेटा सारखा आहे का ते बघत नाही. आमच्या भावाच्या डेटा क्लासमध्ये साधी लिस्ट होती, कंपायलरच्या लेखी ती अनस्टेबल, आणि रिपॉझिटरी (डेटा आणून देणारा भाग) दर वेळी सगळे ऑब्जेक्ट नव्याने बनवायची. म्हणजे डेटा तोच, ऑब्जेक्ट नवा, स्किप शून्य. कंपायलर रिपोर्टमध्ये हे चक्क लिहून येतं, बघायला कोण जातं? इम्युटेबल (न बदलणारी) लिस्ट वापरली, क्लास स्टेबल झाला, तुलना इक्वल्सने (आतला डेटा बघून) व्हायला लागली आणि ओळी गप्प बसल्या.

शिवाय लेझी कॉलमला (गरजेपुरत्याच ओळी बनवणारी यादी) 'की', म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख (key), दिलेलीच नव्हती. ते तुम्ही इतकं मस्त सांगितलंत की मी आता सगळ्यांना तसंच सांगतो: मार्केटच्या रांगेत पुढे एक ट्रॅक्टर घुसला तर मागच्या सगळ्यांचा नंबर बदलतो, पण नंबरप्लेट वाचलीत तर ट्रॅक्टर तेच आहेत हे कळतं. लॉटचा आयडी 'की' म्हणून दिला, झालं.

यात तुमची एक सवय मला सुरुवातीला जाम बोअर झाली होती, एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर मॅक्रोबेंचमार्क (वेग मोजायची चाचणी) पुन्हा पळवायचा. त्यातही सरासरी बघायची नाही, पी ९९ (शंभरातल्या ९९ फ्रेम ज्या वेळेत बसतात तो आकडा) बघायचा. पण आमचं पी ५० (मधला आकडा) आधीही ठीकच होतं, रडत होते ते शेवटचे थोडे फ्रेम आणि लोकांना जाणवतात तेच. एक बदल तर आम्हाला फार हुशारीचा वाटला होता, आकडा ढिम्म हलला नाही, तुम्ही तो परत काढायला लावलात. त्याबद्दल वेगळं थँक्यू, नाहीतर तो कचरा कोडमध्ये कायमचा राहिला असता. बेसलाइन प्रोफाइलही (कुठला कोड आधीच तयार ठेवायचा याची यादी) टाकलंय, इन्स्टॉल केल्यावर पहिल्यांदा उघडताना जो जडपणा असायचा तो बराच कमी झालाय.

आता एक उरलंय, महिन्याच्या भावाचा ग्राफ. तिथे रीकंपोझिशनचे आकडे एकदम शांत आहेत तरी फ्रेम लांबतात, ट्रेसमध्ये ड्रॉइंगचा पट्टा मोठा दिसतोय, मला वाटतं पाथ (ग्राफची रेघ) दर फ्रेमला नव्याने बनतोय. अजून हात लावलेला नाही, आधी ट्रेस पाठवतो, रविवारी वेळ असेल तर बघा.

आणि पैसे तर तुम्ही घेतले नाहीत, निदान मामांच्या बागेतली द्राक्षाची पेटी तरी घ्या. काढणी सुरू झाली की मी इंदिरानगरला घरी आणून ठेवणार आहे, तुम्ही नाही म्हणालात तर काकूंकडे देईन.

तुमचा,
लिलावाच्या ॲपवाला