पितळेकडे बघ, अव्या

नाशिक,
११ जानेवारी

प्रिय अव्या,

तुझं पत्र मिळालं आणि घरी भरलेल्या काडतुसांनी मारलेल्या टार्गेटचे फोटोही. रात्री जेवणं झाल्यावर ते मोठे करकरून पाहिले. ३०० मीटरवर दहा गोळ्या, आडवा पसारा ३ सेंटिमीटर आणि उभा ६. तू विचारतोस, काडतुसातली पावडर बदलून बघू का? माझं ऐक, इतक्यात पावडरीला हात लावू नकोस.

आधी त्या उभ्या पसाऱ्याकडे बघ. तुझा धरण्यातला दोष असता किंवा वाऱ्याचा, तर बहुधा आडवाही वाढला असता. तू लिहिलंयस की सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद गोळीच्या वेगात सेकंदाला २५ मीटरचा फरक येतो. ८०० मीटर वेगाची गोळी ३०० मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून सुमारे ८५ सेंटिमीटर खाली येते. वेग एक टक्का कमी झाला की ती पावणेदोन सेंटिमीटर आणखी खाली. २५ मीटर म्हणजे तीन टक्के, म्हणजे ५ सेंटिमीटर. तुझा पसारा इथेच सापडला की नाही?

आता हा वेग का हलतो? तुझ्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय: ‘पुंगळ्या चार-पाच वेळा भरून झाल्यात, काही नव्याही आहेत, सगळ्या एकाच डब्यात.’ मी त्या पितळी कवचांपाशीच थांबलो.

तुला आपली तांबट आळी आठवते का रे? आजीबरोबर बंबाला डाग लावायला जायचो तेव्हा तू कानात बोटं घालून उभा राहायचास. तो तांबट कळशी ठोकता ठोकता मध्येच भट्टीत टाकायचा, लाल करायचा, पाण्यात बुडवायचा आणि परत ठोकायला घ्यायचा. ठोकलं की धातू कडक होतो, ताव दिला की मऊ. ताव दिलाच नाही तर पत्रा चिरतो. तांबं असो की पितळ, दोघांचा स्वभाव एकच. तुझी पुंगळी दर वेळी उडताना फुगते आणि तुझ्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, परत आवळली जाते. ते ठोकणंच आहे. चार-पाच वेळा झालं की तिची मान, म्हणजे गोळी धरणारं टोक, ताठर होते, गोळीवरची पकड बदलते. एक घट्ट, एक सैल, आणि त्यात नव्या कोऱ्या मिसळल्या, तर प्रत्येक गोळी वेगळ्या जोराने सुटणार. तुझ्या काट्याने पावडर कितीही अचूक मोजली तरी काय उपयोग?

तेव्हा पुंगळ्या वेगळ्या कर. एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, आणि तितक्याच वेळा भरलेल्या एका डब्यात. ताव द्यायचा तर फक्त मानेला आणि खांद्याला, बुडाला कधीच नाही. बुडाने दाब झेलायचा असतो. ते मऊ पडलं तर पितळ तुझ्या तोंडाशी फुटेल, हे मी अगदी काळजीने लिहितोय. आणि काहीही बदललंस, मग ती नुसती पुंगळी का असेना, की भरणीच्या पुस्तकातल्या पावडरीच्या सुरुवातीच्या मापावर परत ये आणि तिथून हळूहळू वर जा.

आपल्याकडे हे घरी करायची सोय नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच वाटतं मला. पण एकसारखेपणाचा ध्यास मलाही लागलाय, तो धाकटीमुळे. ती दहा मीटर एअर रायफल करते. गेल्या दिवाळीत मी सराफ बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडून काटा आणला आणि ५०० छऱ्यांचे दोन डबे तोलून काढले. एक छर्रा ०.५३ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबात साडेचार गुंजांना जरासा कमी. पाच-पाच मिलिग्रॅमच्या फरकाने इडलीपात्राच्या वाट्यांत ढीग लावले. चार रात्री गेल्या त्यात.

मग रायफल शिकंज्यात आवळून रेंजवर मारून पाहिली. तोललेले आणि न तोललेले यांच्यात मला काहीच फरक दिसला नाही. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा कारण कळलं. १७० मीटर वेगाने दहा मीटर जायला ०.०६ सेकंद लागतो, तेवढ्यात छर्रा १७ मिलिमीटर खाली येतो. वजनात एक टक्का फरक पडला तर वेगात अर्धा टक्का, आणि खाली येण्यात ०.१७ मिलिमीटर. गुणाचा एक दशांश असतो ०.२५ मिलिमीटरचा. म्हणजे १०.५ चा १०.४ सुद्धा धड होत नाही! पण ज्यांचा घेर चेपलेला होता ते छर्रे दूर गेले, आणि ४.४९ ऐवजी ४.५० मिलिमीटर डोक्याच्या छऱ्यांचा डबा लावताच पाच छिद्रांचा घोळका डोळ्याला दिसेल इतका आवळला. आता तोलणं बंद. प्रत्येक छर्रा बोटात फिरवून घेर पाहायचा, बस. तुझ्या अंतरावर वेगाला किंमत आहे, आमच्या अंतरावर आकाराला.

तिकडे तू पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी रात्र जागवलीस ना? २०२४ ला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं. नाशिकमध्ये घडलेला मुलगा, इथल्या पोरांना त्याचं केवढं अप्रूप! आपण एनसीसीत मारायचो तीच टू-टू, म्हणजे .२२ बोअरची रायफल, पण त्या काडतुसातली दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ते पुन्हा भरताच येत नाही. म्हणून ते नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्याच रायफलीतून मारून बघतात आणि जो जुळेल तो साठवतात. त्यांच्यासारखं तूही कर: एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. तीन गोळ्यांवर निकाल देऊ नकोस. तीन गोळ्या नशिबानेही एका भोकात जातात. दहा-दहाचे निदान तीन गट मार.

इथे थंडी कडाक्याची आहे, निफाडकडे तर द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. आई विचारत असते तुझं. धाकटीची स्पर्धा पुढच्या महिन्यात, तिच्यासाठी चांगल्या लॉटचे सहा डबे बाजूला काढून ठेवलेत.

पुंगळ्या वेगळ्या केल्यावर आधी वेगाचे आकडे कळव, फोटो नंतर.

तुझा,
सुध्या