इथला मदर्स डे

प्रिय आई, बाबा,

परवा फोन मध्येच कट झाला आणि आईचा प्रश्न तसाच राहिला, की तिकडे स्पेनमध्ये मदर्स डेला नक्की करतात काय. तर ऐका. इथे तो मेच्या पहिल्या रविवारी असतो, आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फुलं फिरतात त्याच्या आठवडाभर आधी. पूर्वी 8 डिसेंबरला मेरीमातेच्या सणाला असायचा, 1965 पासून मेमध्ये आला, कारण मे महिना चर्चमध्ये मेरीचाच मानतात. वडिलांचा दिवस वेगळा, 19 मार्चला, सेंट जोसेफचा, म्हणजे बाबा तुमचा नंबर आधी लागतो, खूश?

यावेळी ऑफिसमधल्या मैत्रिणीने घरी जेवायला बोलावलं. व्हॅलेन्सियाचं घर, म्हणजे रविवारी पाएया (इथला भाताचा पदार्थ) ठरलेलाच आणि तो अंगणात लाकडं पेटवून पुरुषांनी करायचा. अस्सल पाएयात चिकन आणि ससा (आई, तोंड वाकडं करू नकोस), सपाट शेंगा, मोठे पांढरे पावटे आणि केशर, माझ्यासाठी भाज्यांचा वेगळा छोटा केला होता. तळाची खरपूस खरवड सगळ्यांना हवी असते, आज ती आईच्या ताटात. आई म्हणजे मैत्रिणीची आई, सत्तरी पार, सकाळपासून खुर्चीत बसून ऑलिव्ह खातेय, वर्मुथ नावाची वाइन पितेय आणि तिथूनच भाताला पाणी कमी पडलं म्हणून ओरडतेय! नातवाने शाळेत केलेलं कार्ड, मुलांनी आणलेली फुलं, केक, बास. तीनला जेवायला बसलो ते सहा वाजले तरी कोणी उठेना, नुसत्या गप्पा. बाहेर जेवायचं तर बुकिंग आधीच करून ठेवावं लागतं, हॉटेलं फुल्ल असतात.

पण सोमवारी हीच आजी परत नातवाला शाळेत सोडायला. इथे आज्यांवरच अर्ध्या घरांचं चालतं, एका दिवसाच्या केकने ते फिटत नाही असं माझं मत.

मला खरं आवडलं ते दुसरंच. इथे लग्नानंतर बायका नाव बदलत नाहीत आणि पोरांना दोन आडनावं, एक बापाचं एक आईचं, आणि आधी कुठलं लावायचं ते आता आईबाप ठरवतात. तुझं माहेरचं आडनाव आता फक्त जुन्या मार्कशीटवर आहे ना गं आई?

आणि आपला मातृदिन बघ, पिठोरी अमावास्येला, उपास तू करणार, खीरपुरी तूच रांधणार, डोक्यावर वाण घेऊन 'अतीत कोण?' विचारणार, आणि आम्ही मागून मी मी करत ते हाणणार. उपासाचं तुझं तू ठरव, त्यात मी पडत नाही. पण या श्रावणात खीर आणि पुऱ्या बाबांनी करायच्या आणि तू खुर्चीत बसून ओरडायचं. बाबा, दूध उतू जाऊ देऊ नका, साखर किती ते आईला विचारायचं नाही, मला व्हिडिओ कॉल करा, मी सांगते.

तुमची,
पिंकी