टर्बो पेट्रोलचा अ‍ॅव्हरेज: आधी मोजणी तरी नीट करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टर्बो पेट्रोल गाडी घेतली, शोरूममध्ये लिटरला वीस सांगितले, प्रत्यक्षात बारा-तेरा पडतात, म्हणजे कंपनीने फसवले, अशी तक्रार आता गावोगाव ऐकू येते. खान्देशात नव्या गाडीची पहिली चौकशीच 'कितला अ‍ॅव्हरेज देस?' अशी होते, तेव्हा हा राग समजण्यासारखा आहे. पण अशा बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी चुकलेली मोजणी असते. मोजणी बरोबर असली तरी टर्बो इंजिनाचा स्वभाव कोणी लक्षात घेत नाही.

आधी तो वीसचा आकडा. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेत गाडीची चाके रोलरवर चढवून तो काढतात. ही सगळी चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांच्या आतली. कमाल वेग ९०, तोही शेवटी थोडा वेळ. एसी बंद. शहरी टप्प्यात गाडी शून्यावरून ५० च्या वेगाला यायला २६ सेकंद घेते. जळगावच्या आकाशवाणी चौकातून इतक्या निवांतपणे कोणी निघाले तर मागचा रिक्षावाला काय बोलेल ते छापता येणार नाही. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला हा आकडा चांगला आहे, कारण दोघींनाही सारखीच परीक्षा असते. धुळे-नवापूर रस्त्यावर आपल्याला काय मिळेल, हे मात्र त्यातून कळत नाही.

आणि या परीक्षेत टर्बो गाडीला जरा जास्तच मार्क मिळतात. हजार सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनात टर्बो जादा हवा कोंबतो आणि त्याच्याकडून दीड लिटरच्या इंजिनाचे काम करून घेतो. हवा जास्त आली की त्या प्रमाणात पेट्रोलही जास्त सोडावेच लागते. हळुवार चालीत टर्बोला फारसे काम नसते, म्हणून इंजिन खरोखर हजार सीसीच्या भुकेवर चालते. पण भरल्या गाडीने ट्रकला ओलांडताना पाय दाबला की भूक दीड लिटरची होते. वर आणखी एक गोष्ट घडते. सतत जोर लागला की एक्झॉस्टचे तापमान वाढते. टर्बोचे टर्बाइन आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी अनेक इंजिनांचे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवा-पेट्रोलचे मिश्रण मुद्दाम गडद करते, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल निव्वळ थंडाव्यासाठी जाते. साध्या पेट्रोल गाडीत चांगला आणि वाईट चालक यांच्यात लिटरला दोन-तीन किलोमीटरचा फरक पडत असेल, तर टर्बोत तो पाच-सहापर्यंत सहज जातो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला थंड हवा मिळणार कुठून? आत जाणारी हवा तापलेली असली की इंजिन नॉक करू पाहते, म्हणजे पेट्रोल नको त्या क्षणी आपोआप पेटू लागते. नॉक सेन्सरला ते कळते आणि ईसीयू स्पार्क उशिरा देते. ताकद घटते, आपण पाय आणखी दाबतो आणि काटा उतरतो. शिवाय एसीचा कॉम्प्रेसर दिवसभर चालू. चौकात किंवा रेल्वे फाटकावर एसी लावून गाडी चालू ठेवली तर तासाला साधारण लिटरभर पेट्रोल जाते, आणि त्या वेळात किलोमीटर एकही वाढत नाही.

वेगाचे गणित मात्र कोणत्याही इंजिनाला चुकत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. छोट्या टर्बो एसयूव्हीला सपाट रस्त्यावर स्थिर ८० ला १९-२० मिळत असतील, तर १०० ला १६ च्या आसपास आणि १२० ला १३ धरून चाला. नवापूर-धुळे-जळगाव महामार्ग रुंद झाल्यापासून आपल्याकडच्या गाड्यांचा वेगच वाढला आहे, हे अ‍ॅव्हरेजची ओरड करताना कोणी सांगत नाही.

त्यात वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या काही शोभेसाठी उभ्या केलेल्या नाहीत. जून ते ऑगस्ट त्या पट्ट्यात पश्चिमेचा जोरदार वारा असतो. धुळ्याहून साक्रीमार्गे कोंडाईबारीकडे ८० ने जाताना समोरून २५ किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर गाडीला हवेचा विरोध १०५ च्या वेगाएवढा होतो, म्हणजे वारा नसताना असतो त्याच्या पावणेदोनपट. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी येतो आणि गाडी अचानक 'सुधारते'. म्हणून एका बाजूच्या प्रवासाचा अ‍ॅव्हरेज कोणी सांगितला तर त्याला काडीची किंमत देऊ नये.

चढाचेही तसेच. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या थोडे वर, छत्रपती संभाजीनगर साडेपाचशेच्या वर. माणसांसह तेराशे किलोची गाडी साडेतीनशे मीटर वर चढवायला, इंजिनाची कार्यक्षमता तीस टक्के धरली, तर साधारण अर्धा लिटर पेट्रोल जादा लागते. जाताना अजिंठा घाट लागो की चाळीसगावचा कन्नड घाट, हा हिशेब टळत नाही. उतरताना त्यातले काही परत मिळते, पण गाडी गिअरमध्ये असली तरच. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला आणि गाडी गिअरमध्ये असली की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जात राहते. घाटात न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे पेट्रोल तर घालवतातच, ब्रेकही जाळतात.

आता इथेनॉल. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागे ऊर्जाच सुमारे सात टक्के कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी एक ते दोन टक्के घट मान्य केलेली आहे. म्हणजे पंधराचा फार तर चौदा होईल. वीसचा बारा झाला, त्याचे सगळे खापर इथेनॉलवर फोडता येणार नाही. उलट इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने टर्बो इंजिनाला नॉकच्या बाबतीत थोडी मदतच होते.

मोजणीकडे येतो. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक गाड्यांत पाच ते दहा टक्क्यांनी वाढवून दाखवलेला असतो, त्यामुळे हिशेब टाकी-ते-टाकीच करावा. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की थांबायचे. 'अजून पन्नास रुपयांचे बसेल' म्हणत गळ्यापर्यंत भरण्याची आपल्याकडची सवय दुहेरी नडते. माप तर चुकतेच, शिवाय पेट्रोलची वाफ पकडणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये द्रव पेट्रोल शिरते आणि पुढे भरल्यावर गाडी लवकर सुरू न होण्याचा त्रास लागतो. ट्रिप मीटर शून्य करा, टाकी पाव राहीपर्यंत चालवा, त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलला, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ४३८ किलोमीटर आणि २८.६ लिटर असेल तर अ‍ॅव्हरेज १५.३. कट लवकर-उशिरा पडण्याने अर्धा-पाऊण लिटरचा फरक राहतोच. दहा लिटर भरून काढलेल्या हिशेबात तो सात टक्क्यांपर्यंत चूक करतो, पस्तीस लिटरमध्ये दोन टक्क्यांवर येतो. हजार रुपयांचे पेट्रोल टाकून काढलेला अ‍ॅव्हरेज म्हणूनच धरू नये. लागोपाठ तीन टाक्यांची बेरीज करून भागाकार करा. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप प्रत्येक पंपावर असते. ते भरून दाखवा म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही.

टायर बदलून रुंद घातले असतील तर किलोमीटरही चुकतात. २०५/६० च्या जागी त्याच १६ इंची रिमवर २१५/६० घातला की चाकाचा व्यास सुमारे पावणेदोन टक्के वाढतो. ओडोमीटर तेवढे कमी मोजतो आणि अ‍ॅव्हरेज विनाकारण पडलेला दिसतो.

हवा सकाळी, टायर गार असताना, चालकाच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तितकी भरावी. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून चार-पाच पीएसआय कमी ठेवण्याचा सल्ला खान्देशात पंक्चरवाल्यापासून सासऱ्यापर्यंत सगळे देतात. तो उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि त्यानेच फुटतो. अ‍ॅव्हरेजही जातो.

एअर फिल्टरबद्दल मात्र उलट गैरसमज आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर थोडा मळला तर अ‍ॅव्हरेज फारसा पडत नाही, ताकद कमी होते. तरीही कापूस, मका, केळीच्या शिवारातून रोज कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याने तो वेळेआधी बदलावा, आणि अस्सलच घ्यावा. स्वस्त फिल्टरची रबरी कड नीट बसत नाही, धूळ थेट टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जाते, आणि मग विषय अ‍ॅव्हरेजचा न राहता टर्बो बदलण्याचा होतो. तेलाचेही तसेच. ० डब्ल्यू-२० किंवा ५ डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात 'आपल्याकडे ऊन जास्त' म्हणून २० डब्ल्यू-५० ओतणारे मिस्त्री अजून आहेत. जाड तेलाने इंजिन जड फिरते आणि टर्बोच्या बेअरिंगला तेल उशिरा पोचते. प्लगही मॅन्युअलमधल्या क्रमांकाचाच हवा, टर्बोत त्याचा गॅप कमी असतो.

चालवताना दोन हजार ते बावीसशे आरपीएमला वरचा गिअर टाकावा. पण पाचव्या गिअरमध्ये बाराशेवर गाडी रखडवत पाय दाबून ठेवणे ही काटकसर नव्हे. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बोत त्याने वेळेआधी स्फोट होऊन पिस्टनला मार बसतो.

एवढे सगळे पाळूनही सपाट रस्त्यावर, ८० च्या वेगाला, दोन्ही दिशांची सरासरी काढून तीन टाक्यांत चौदाच्या खाली मिळत असेल, तर गाडीत दोष आहे असे समजावे. वीस किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एकच चाक भाजण्याइतके तापले असेल तर त्या चाकाच्या ब्रेक कॅलिपरची पिन अडकली आहे. बॉनेट उघडून इंटरकूलरच्या होजचे क्लॅम्प बघा. जोडावर तेलकट ओला डाग आणि जोर देताना फुस्स आवाज असेल तर दाबाखालची हवा तिथून निसटते आहे. स्कॅनर लावल्यावर गरम इंजिनाच्या कूलंटचे तापमान ८० अंशांच्या खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. इंजिन थंडच आहे असे समजून ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहते. दीर्घकालीन फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती, तीन-चार टक्के वर असणे ई-२० मुळे समजू शकते, दहाच्या वर गेला तर ऑक्सिजन सेन्सर आणि पेट्रोलचा दाब तपासायला सांगावे.

सर्व्हिस सेंटरवाले 'अ‍ॅव्हरेज कमी' एवढेच जॉब कार्डवर लिहून घेतात आणि 'चालवण्याच्या पद्धतीमुळे' असे उत्तर देऊन गाडी परत करतात. तीन टाक्यांचे किलोमीटर, लिटर, पंपाच्या पावत्या आणि वेग त्याच कार्डवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा, आणि कार्डाची प्रत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. आपल्या वाहनविषयक पानावरही नव्या गाडीचा अ‍ॅव्हरेज छापताना तो टाकी-ते-टाकी आहे की डॅशबोर्डवरचा, वेग किती, एसी चालू होता का आणि माणसे किती, एवढे एका ओळीत द्यावे, ही विनंती.

आपला,
वाहन दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक, धुळे