दुकाने तीन, गिरणी एकच

मा. संपादक महोदय,

संगणकात चित्र आणि चलचित्राचे काम सांभाळणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात एनव्हिडिया आणि एएमडी यांच्या जोडीला इंटेल ही तिसरी कंपनी उतरल्यापासून ‘आता स्पर्धा वाढेल, माल मुबलक मिळेल आणि भाव खाली येतील’ असे सर्रास बोलले जाते. लग्नसमारंभांच्या आणि छोट्या माहितीपटांच्या चित्रीकरणाचे संकलन हा माझा व्यवसाय असल्याने या वस्तूच्या टंचाईची झळ मी स्वतः सोसली आहे. भाव उतरण्याची आशा काही अंशी रास्त आहे, पण टंचाई सरण्याची आशा मला भाबडी वाटते.

२०२१ च्या दिवाळीआधी मी मुंबईतील संगणक-साहित्याच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, कार्ड शोधत होतो. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० त्याच वर्षी फेब्रुवारीत ३२९ डॉलर या किमतीला विक्रीस आले होते. तेव्हाच्या विनिमय दराने आणि १८ टक्के जीएसटी धरून ही रक्कम साडेअठ्ठावीस हजार रुपयांच्या आसपास जाते. मला सांगितलेला भाव ५४ हजार होता, आणि तोही सुटे कार्ड मिळणार नाही, सोबत पॉवर सप्लाय व मॉनिटर घ्यावाच लागेल, या अटीवर. नाइलाजाने मी एकाकडून वापरलेले कार्ड घेतले. घरी आणून उघडले तेव्हा मेमरी चिपांवरच्या थर्मल पॅडमधून, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्यांमधून, तेल सुटून सर्किटच्या पाटीवर पसरलेले होते आणि दोनपैकी एक पंखा घरघरत होता. ते कार्ड दिवसरात्र इथेरियम या आभासी चलनाच्या खणकामाला, म्हणजे आकडेमोड करून नवे चलन मिळवण्याच्या कामाला, जुंपलेले होते, हे सांगायला विक्रेत्याची गरज उरली नव्हती.

पुढे भाव उतरले ते २०२२ मध्ये. आभासी चलनाचा बाजार वर्षाच्या पूर्वार्धात कोसळला आणि १५ सप्टेंबर रोजी इथेरियमने कार्डांवर होणारे खणकामच कायमचे संपवले. इंटेलची ए७५० आणि ए७७० ही कार्डे त्यानंतर, १२ ऑक्टोबरला आली. त्या वेळच्या स्वस्ताईचे श्रेय नव्या कंपनीला देता येत नाही, एवढे तरी या तारखांवरून स्पष्ट व्हावे.

कार्ड विकणारी कंपनी आणि चिप घडवणारा कारखाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चर्चेत बहुधा विसरले जाते. आरटीएक्स ३० मालिकेच्या चिपा एनव्हिडियाने दक्षिण कोरियातील सॅमसंगकडून करून घेतल्या होत्या, तर एएमडीच्या त्या काळच्या चिपा तैवानच्या टीएसएमसीकडे होत होत्या. त्यानंतर एनव्हिडियानेही टीएसएमसीची वाट धरली, आणि इंटेलकडे स्वतःचे कारखाने असूनही ‘आर्क’ या नावाने विकल्या जाणाऱ्या आपल्या कार्डांची चिप तीही टीएसएमसीकडूनच करून घेते. विकणाऱ्या कंपन्या दोनाच्या तीन झाल्या खऱ्या, पण ज्यांच्या भरवशावर हा बाजार चालतो ते कारखाने दोनाचा एक झाले. गावात पिठाचे तिसरे दुकान उघडले, पण दळण त्याच एका गिरणीवर जात असेल, तर रांग लांबणारच.

त्यातही एक बारीक गोष्ट अशी की, नव्या कंपनीला तेच काम करायला जास्त सिलिकॉन लागते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या बी५८० ची चिप २७२ चौरस मिलिमीटरची आहे. साधारण त्याच ताकदीच्या आरटीएक्स ४०६० ची चिप १५९ चौरस मिलिमीटरच्या आसपास आहे. चिपा ज्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या एका चकतीतून, म्हणजे वेफरमधून, कोणाची कार्डे जास्त निघतील, हे सांगायला गणितज्ञ नको. शिवाय बी५८० वर १२ जीबी मेमरी आहे, तर ४०६० वर ८ जीबी. ग्राहक म्हणून मला हा उदारपणा आवडतो. पण ज्या काळात माल कमी आहे त्या काळात असा उदारपणा कंपनीला किती दिवस परवडेल, याची शंकाही वाटते.

ही शंका मेमरीमुळे अधिकच गडद होते. जगातील बहुतेक मेमरी चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांना लागणाऱ्या मेमरीत नफा मोठा असल्याने त्यांचे उत्पादन तिकडे वळले आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीच्या ‘क्रुशल’ या नावाखालच्या विक्रीतून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. कार्डावरचा शिक्का कोणत्याही कंपनीचा असो, मेमरी याच तिघांच्या दारातून यायची. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

चीनच्या मूर थ्रेड्सची गोष्टही फारशी वेगळी नाही. २०२० मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने दोनच वर्षांत स्वतःचे कार्ड बाजारात आणले, ही कामगिरी लहान नव्हे. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने तिला निर्बंधांच्या यादीत टाकले आणि अद्ययावत कारखान्यांची दारे तिच्यासाठी मिटली. आपल्याकडे गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूह उभारत असलेल्या कारखान्याकडेही काही जण आशेने पाहतात, पण तेथील तंत्र २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुने आहे (हा आकडा जितका लहान, तितके तंत्र नवे). मोटारींना आणि घरगुती उपकरणांना ते उपयोगी पडेल, या कामाला नाही.

मग भावाबाबतची आशा रास्त का म्हणतो? कारण वीस-पंचवीस हजारांच्या टप्प्यातील ग्राहकाकडे जुन्या दोन्ही कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत जवळजवळ पाठ फिरवली होती, आणि बी५८० ने २४९ डॉलरमध्ये, म्हणजे करासहित सुमारे २५ हजार रुपयांत, तेथे निदान एक पर्याय उभा केला. संकलनाच्या कामात इंटेलची कार्डे खरोखर चांगली चालतात. माझ्याकडचे तासाभराचे फुटेज एन्कोड होताना, म्हणजे अंतिम फाइलमध्ये बदलताना, चहा गार होण्याची वेळ आता येत नाही. मात्र या कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय) असलेला मदरबोर्ड लागतो आणि जुन्या प्रोसेसरवर त्यांचा वेग मंदावतो. माझ्या भाच्याला हे कार्ड घेऊन दिले, तेव्हा त्याचा जुना मदरबोर्ड व प्रोसेसरही बदलावा लागला आणि स्वस्ताईचा हिशेब त्यातच बुडाला.

कंपनी या व्यवसायात टिकेल का, हाही प्रश्न आहेच. १९९८ चे आय७४० आणि २००९ मध्ये बाजारात येण्याआधीच गुंडाळलेले लॅराबी हे तिचे याआधीचे दोन प्रयत्न आठवतात. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियानेच इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवत असल्याचे जाहीर केले. ज्याच्याशी झुंजायचे तोच भागधारक झाल्यावर झुंज कितपत रंगेल, ते दिसेलच.

आपल्याला एक विनंती आहे. नव्या कार्डाची बातमी देताना डॉलरमधील किमतीशेजारी करासहित रुपयांतील किंमत, आणि त्याची चिप कोणत्या कारखान्यात तयार होते, हे एका ओळीत छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे