पासपोर्टचं बोलणार नव्हतो

प्रिय बाबू,

पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. बरोबरच आहे, बुधवारी रात्री जे बोललो त्यानंतर मीही मला केला नसता. व्हॉट्सॅपवर तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं, म्हणून आता लॅपटॉप उघडून बसलोय. इथे रात्रीचा दीड, म्हणजे तुझ्याकडे बारा. आई झोपलीय. म्हणजे पडलीय.

सॉरी. "मग पाहुणा म्हणून येत जा" हे बोलायला नको होतं, तेही आत्यासमोर. पण तूही काय रे, मी बॅगेचं वजन करतोय, काटा तेवीस आणि साडेतेवीसच्या मध्ये हलतोय, कोकमाची बाटली काढायची की बूट काढायचे हे चाललंय आणि तू मधेच सांगतोस, बाबा, परत येताना हा पासपोर्ट नसेल, मॉरिशसकडून खेळायचं म्हणून तिकडे आपल्या हाय कमिशनला जमा करायचाय. वॉचमनकडे चावी ठेवल्यासारखं! मला ते माहीत होतं, चार महिने कागद मीच बघत होतो, तरी ऐकल्यावर डोकं फिरलं. असो. पासपोर्टचा विषय या पत्रात काढणार नाहीये.

क्युरपीपला पाऊस आणि गारठा असतो, मामा कितीही बीचचे फोटो टाकू दे. आईने दिलेला स्वेटर घाल. डाव्या गुडघ्याला ट्रेनिंगनंतर बर्फ लाव, लाज वाटून घेऊ नकोस. कोच फ्रेंच आणि क्रिओल, तिथली बोली, दोन्ही बोलणार, तुझं क्रिओल आईकडून आलेलं, घरातलं आहे, "की मान्येर" म्हणजे कसा आहेस आणि जेवायला चल एवढंच, मैदानावरचं ऐकून शिक. सीवूड्सची अर्धी पोरं आईकडे येऊन दहावीला फ्रेंचमध्ये मार्क काढून गेली आणि तू आतल्या खोलीत बॉल आपटत बसायचास. लेक्चर झालं. सॉरी.

मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. साहेब म्हणाले, मॉरिशस म्हणजे ते हनिमूनवालं? मी म्हटलं सर, १९७४ ला आफ्रिका कपला खेळलेत, १९८५ आणि २००३ ला इंडियन ओशन गेम्सचं गोल्ड आहे फुटबॉलचं. १९७४ ला तिन्ही मॅच हरले आणि परत कधी तिथे पोचले नाहीत, हे नाही सांगितलं. पेढेही वाटले, तुला माहीत नसेल. तू एकवीस वर्षांचा, डाव्या बाजूला खेळतोस, आणि एका देशाने तुला नाव घेऊन बोलावलंय. आमच्या राजापूरकडच्या घरातून आजवर कोणाला कोणी असं बोलावलं नाही, भाऊकाकाला कोर्टाने बोलावलं ते सोडून.

आणि तू गेलास ते चूक नाही, हे मला कळतं. २०२५ च्या जुलैत आयएसएलच, आपली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग, थांबली, क्लबवाल्यांनी हात वर केले, तुझे तीन महिन्यांचे पैसे कुठे गेले ते अजून कोणी सांगत नाही. कूपरेजला मुंबई लीगच्या मॅचेस खेळून किती वर्षं काढणार होतास? हे सगळं मीच तुला सांगायचो. पण आता परत यायचं झालं तर तू इथे फॉरेन प्लेयर होणार, आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी, आणि ती जागा क्लब ब्राझीलच्या नाहीतर स्पेनच्या माणसाला देणार, नेरुळच्या पोराला कशाला देतील. तिथे दोन मॅच खेळवून पुढच्या कॅम्पला बोलावलं नाही तर? इथलं दार तू स्वतः बंद करून आलेला असशील. एकदा जमा केला की झाला, आपल्याकडे दोन पासपोर्ट चालत नाहीत, त्यांच्याकडे चालतात, अडतं ते आपल्या बाजूनेच.

काढलाच विषय.

ओसीआय कार्ड, नागरिकत्व सोडलेल्यांना देतात ते, मिळेल, मला माहितीय. येजा करता येईल, राहता येईल, मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारसाने मिळते. आपली आंब्याची बारा कलमं आणि विहिरीकडची पट्टी वारसाने तुझ्याकडे येईल की नाही हे विचारायला मी मागच्या महिन्यात गावी तलाठ्याकडे गेलो होतो, तो म्हणाला ओसीआय म्हणजे काय. अर्धा तास समजावलं. शेवटी त्याने मलाच चहा पाजला आणि विचारलं, मुलगा फुटबॉल खेळतो म्हणजे नोकरी काय करतो?

त्या रायन विल्यम्सचं बघ. आई मुंबईची, आजोबा बॉम्बेकडून संतोष ट्रॉफी खेळलेले, स्वतः ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला, बेंगळुरूला आला आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. ती बातमी मीच फॅमिली ग्रुपवर टाकली होती, वर लिहिलं होतं याला म्हणतात आईचे पांग फेडणं. आत्याने सहा टाळ्या टाकल्या होत्या. तू खाली फक्त अंगठा दिलास. त्याचाही बाप असेल ना रे ऑस्ट्रेलियात. तो काय बोलला असेल बॅग भरताना, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

कालपासून मला अंधेरीची मॅच आठवतेय. २०१७ चा ऑगस्ट, भारत विरुद्ध मॉरिशस, तू बारा वर्षांचा. आपण तिघं. आईने पर्समध्ये तो चार पट्ट्यांचा झेंडा घडी करून आणला होता, लाल निळा पिवळा हिरवा, मला सांगितलं नव्हतं. पहिला गोल त्यांनी मारला. सगळं स्टेडियम एकदम गप्प आणि तुझी आई उभी, ओरडतेय "आले मोरिस, आले मोरिस", म्हणजे चला मॉरिशस, पुढच्या दोन रांगा मागे वळून बघतायत. मी तिची ओढणी धरून तिला खाली बसवलं. म्हटलं लोक बघतायत. तू तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. नंतर रॉबिन सिंगने बरोबरी केली, बलवंतने दुसरा मारला, २-१ जिंकलो, मी तुला खांद्यावर घेतलं, तू बऱ्यापैकी जड होतास तेव्हा. पनवेल लोकलमध्ये तू विचारलंस, आपण जिंकलो की हरलो? मी म्हटलं जिंकलो, हा काय प्रश्न आहे. आई खिडकीबाहेर बघत होती. झेंडा परत पर्समध्ये.

मग २०२४ ला हैदराबादला परत तेच दोघं, ०-० झाली ती. तू फोनवर बघत होतास आणि म्हणालास, त्यांचा लेफ्ट बॅक माझ्यापेक्षा काही खास नाही. मी हसलो. आई नाही हसली. त्या रात्रीच तिने मामाला फोन केला असणार, मला नंतर कळलं.

तिचं तुला सगळं माहीत नाही. १९९९ च्या मे महिन्यात ती तिथे वीस वर्षांची होती, लीगच्या मॅचनंतर दंगा झाला, पोर्ट लुईला जुगाराच्या क्लबची इमारत पेटवली, सात माणसं गेली, त्यात लहान मुलं. मामा त्या दिवशी मॅचला होता, रात्री उशिरा घरी आला एका पायात चप्पल. तेव्हा तिथे टीमा जातीधर्माच्या होत्या, हिंदूंची वेगळी, मुसलमानांची वेगळी, क्रिओल लोकांची वेगळी. फुटबॉल वर्षभराहून जास्त बंद होतं. नंतर गावागावाच्या टीमा केल्या. ती पुढच्या वर्षी स्कॉलरशिपवर कलिनाला एमए मराठीला आली आणि आमच्या कॅन्टीनमध्ये तिने मला विचारलं "तुमी खंयचे?", तिच्या पणजीचं मराठी. मी राजापूरचा, मला वाटलं ही आपल्या पलीकडच्या वाडीतली असेल. त्यांच्याकडे गणपतीत झाकरी नाचतात, आपली जाखडीच ती, फक्त समुद्र ओलांडून गेलेली.

लग्न झाल्यावर दरवर्षी व्हिसाचे कागद. तू पोटात असताना सातव्या महिन्यात ती त्या ऑफिसच्या जिन्यात उभी, पंखा नाही, टोकन संपलेलं. मी तिला म्हटलं, कशाला हा त्रास, सोडून टाक ना तो पासपोर्ट, आपला घे, काय ठेवलंय त्यात. अगदी असंच म्हटलं. दोन-तीनदा म्हटलं, दोन-तीन वर्षं. ती काही बोलायची नाही, फाइल उलट्या हातात घ्यायची. सोडला नाही तिने. का नाही, हे मी कधी विचारलं नाही. बुधवारी तू गेल्यावर ती एवढंच म्हणाली, तुम्हाला आत्ता लागलं का?

मला उत्तर आलं नाही. मी जाऊन गॅलरीतले तुझे जुने स्टड धुतले. चिखल वाळून दगड झालाय, अजून निघालेला नाही.

तर जमा कर. मी नाही म्हणत नाही. कागदांची माणसं आम्ही, न्हावाशेव्याला आयुष्य कंटेनरचे कागद करण्यात गेलं, म्हणून सांगतो, जमा करायच्या आधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढ, सरेंडर सर्टिफिकेटच्या तीन कॉपी, एक मामाकडे ठेव. आणि सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, कोऱ्या पानांचेही. तिसऱ्या वर्षी काढलेला तुझा पहिला माझ्याकडे आहे, त्यात फोटोवाल्याने तुझे कान दिसायला हवेत म्हणून मी मागून केस धरलेत, माझी दोन बोटं आलीयत कडेला. कसा पास झाला तो कळत नाही.

आईने कपाटातून झेंडा काढून इस्त्री केलीय. मॅच इथे कुठे दिसते, लिंक असेल तर टाक. माझ्या फोनवर टाक.

बाबा